बिनविरोध गावातला विरोधी उमेदवार

आमच्या गावच्या फाट्यावर एक कमान आहे. तिच्यावर गावाचं नाव लहान अक्षरांत आणि ‘बिनविरोध ग्रामपंचायत’ हे शब्द मोठ्या अक्षरांत आहेत. श्रीवर्धनकडून येणारी एसटी तिथे वळते. सैन्यातून रजेवर यायचो तेव्हा ती कमान दिसली की मला भरून यायचं. एवढं समंजस गाव साऱ्या तालुक्यात नाही, असं मी पलटणीतल्या मित्रांना सांगत असे. त्यांच्या गावांत निवडणुकीला डोकी फुटायची. आमच्याकडे फक्त नारळ फुटायचा.

पद्धत अशी. ग्रामपंचायतीची निवडणूक जाहीर झाली की गावकी देवळात बसते. गावकी म्हणजे प्रत्येक घरातला एक कर्ता पुरुष. बायका बसत नाहीत. त्यांना कोणी मनाई केलेली नाही. त्या येत नाहीत एवढंच, आणि का येत नाहीत ते कोणी विचारत नाही. मुंबईला असलेल्या आमच्या माणसांचं मंडळ आहे, तेही हल्ली फोनवरून बैठकीला बसतं. गावकीचे अध्यक्ष नावं सांगतात, देवीपुढे नारळ ठेवला जातो, तेवढेच लोक अर्ज भरतात आणि तहसील कचेरीतून सगळे बिनविरोध निवडून आल्याचं जाहीर होतं. या शहाणपणाबद्दल गावाला एकदा वरून शाबासकी आणि थोडा निधीही मिळाला. त्यातूनच ती कमान उभी राहिली.

या पद्धतीचा मला राग यावा असं माझ्या आयुष्यात काही घडलेलं नव्हतं. उलटच घडलेलं होतं. माझे वडील दुसऱ्यांच्या सुपारीच्या वाड्यांत शिंपणं करायचे. मी श्रीवर्धनच्या शाळेत शिकलो आणि पुढे कॉलेजसाठी मुंबईला गेलो तो गावाच्या खोलीवर. कोकणातल्या पुष्कळ गावांची मुंबईत अशी खोली असते. चाळीतली एक खोली, पाळीपाळीने झोपणारी गावची माणसं, भिंतीला लावलेल्या ट्रंका आणि सगळ्यांत मिळून एक दिवा. परीक्षेच्या दिवसांत दिव्याखालची जागा मला मिळावी आणि उजेडाबद्दल कोणी कुरकुर करू नये, असं खोलीतल्या सगळ्यांनी बसून ठरवलं. तेही बिनविरोध. ज्यांनी तो विषय काढला ते तेव्हा गोदीत कामाला होते. आज तेच गावकीचे अध्यक्ष आहेत. आमच्या घराण्यातली पहिली पदवी त्या दिव्याखाली झाली. दिवसभर ओझी उचलून आलेली माणसं तोंडावर टॉवेल टाकून झोपायची, म्हणून मी बी.ए. झालो. हे मी विसरू शकत नाही आणि विसरायचंही नाही.

पदवी घेऊन मी सैन्यात शिपाई झालो, कारण भरती अलिबागला आली होती आणि दुसरी नोकरी कुठेच आली नव्हती. पुढे डोंगरातल्या लढाईत होतो. तिच्याबद्दल फार लिहीत नाही. जे तिथे होते त्यांना माहीत आहे, आणि जे नव्हते त्यांनी टीव्हीवर माझ्यापेक्षा जास्त पाहिलं आहे. एक मात्र सांगतो. लोकशाहीचं रक्षण ज्यांच्याकडे सोपवलेलं आहे त्यांच्या स्वतःमध्ये लोकशाही औषधालाही नसते. वर चढायचं की नाही यावर आमच्यात कोणी हात वर करायला सांगितले नाहीत. बरंच झालं. सांगितले असते तर निकाल काय लागला असता याचा मला अंदाज आहे, कारण माझा हात कुठे असता ते मला माहीत आहे.

आमचं मत टपालाने जायचं. एकदा चौकीवर डाकेच्या पोत्यातून मतपत्रिका आल्या तेव्हा रेडिओवर निकाल सांगून झाला होता आणि नवे मंत्री शपथ घेऊन कामालाही लागले होते. आम्ही हसलो. माझ्या शेजारी झोपणारा राजस्थानचा जवान मात्र हसला नाही. त्याने पत्रिका गुडघ्यावर ठेवली, बराच वेळ विचार केला, खूण केली, साहेबांची सही घेतली आणि पाकीट चिकटवलं.

“अरे, निकाल लागला,” मी म्हणालो.

“तो बाकीच्यांना विचारून लागला,” तो म्हणाला. “मला तर आज विचारतायत.”

पुढच्या हिवाळ्यात तो बर्फाखाली गेला. ते पाकीट कुठवर पोचलं, कोणी उघडलं का, मला माहीत नाही.

निवृत्त होऊन गावी राहायला आलो तेव्हा पंधरा ऑगस्टचं भाषण आपसूक माझ्याकडे आलं, कारण गावात माजी सैनिक मी एकटाच. बायको नोकरीमुळे पनवेलला मुलांबरोबर, तिचं नाव तिथल्याच मतदार यादीत. इथल्या घरात मी आणि आई. भाषण मी मनापासून करायचो आणि दर वर्षी साधारण तेच करायचो. “आम्ही सीमेवर उभे राहिलो म्हणून तुम्ही इथे निर्भयपणे मतदान करू शकता.” या वाक्याला टाळ्या पडायच्या. मग जिलबी.

एका वर्षी जिलबी खाऊन घरी आलो. आई ओट्यावर सुकट निवडत बसली होती.

“बाळा, ते मतदानाचं तू कोणाला सांगत होतास?”

“सगळ्यांना. तुला पण.”

“मला?” तिने हात थांबवला नाही. “दिल्लीला कोण बसावा ते मला विचारतात. न्यायला गाडी येते. मुंबयला कोण बसावा ते पण विचारतात. आपल्या नळाला पाणी दोन दिसांनी सोडायचा का चार, ते ठरवणारा कोण, ते लगीन होऊन आल्यापासून मला एकानं विचारलं न्हाय.”

“ते गावकी ठरवते, आये.”

“गावकीत तुझा बा जायचा. आता तू जातोस. मी कधी गेले?”

तिने सुकटीतला कचरा बाजूला टाकला. ती म्हणाली, “एकदा ते बटन आपल्या गावासाठी दाबीन म्हणते. मग मरायला मोकळी.”

“त्यासाठी दोन उमेदवार लागतात. एकच असला तर मतदान होत नाही.”

“मग दुसरा आण कुठून तरी.”

“कुठून आणू?”

तिने पहिल्यांदा सुकटीवरून नजर काढली आणि माझ्याकडे पाहिलं.

त्यानंतरच्या निवडणुकीत आमच्या प्रभागातून गावकीने ज्याचं नाव दिलं तो माझा शाळेपासूनचा मित्र. त्याचा टेम्पो आहे. गावात कोणाला विंचू चावला, कोणाची बायको अडली, की त्याचाच टेम्पो श्रीवर्धनच्या दवाखान्याकडे पळतो. पंपाची मोटर जळली की तोच भिजतो. आधी दोनदा तो सदस्य झालेला होता. मला मत द्यायचं असतं तर मी डोळे मिटून त्याला दिलं असतं. अडचण एवढीच, की त्याला मत देता यावं म्हणून मला त्याच्याविरुद्ध उभं राहणं भाग होतं.

मी अर्ज भरला. सीमेवर उभा होतो याचा दाखला कोणी मागितला नाही. घरात शौचालय आहे आणि मी ते वापरतो याचा मागितला. माझ्या मते ते योग्यच आहे. अर्जावर सूचक म्हणून प्रभागातल्या एका मतदाराची सही लागते. आईने प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेली सही पहिल्यांदाच इतक्या ऐटीत केली, की ती चौकटीच्या बाहेर गेली.

संध्याकाळी देवळातून बोलावणं आलं.

“बस, फौजी. चहा घेतलास?” अध्यक्ष म्हणाले. मी त्यांना काका म्हणतो.

“घेतला, काका.”

“काय ऐकतोय आम्ही? कोणावर राग हाय?”

“कोणावर नाही.”

“पुढारी व्हायचाय?”

“नाही.”

“मग निवडून तरी यायचाय?”

“तेही नाही. मतदान व्हावं एवढंच.”

मागून कोणीतरी म्हणालं, “लढाईतली गोळी-बिळी डोक्यात ऱ्हायली असंल, एकदा फोटो काढून घ्या.” सगळे हसले. मीही हसलो. मग एकदम शांतता पसरली. गाभाऱ्याच्या पायरीवर ठेवलेल्या मोबाइलमधून मुंबई मंडळाचे चिटणीस ओरडले, “हॅलो! का रे गप झालात सगळे? कोण वारला काय?”

“कोणी वारला न्हाय. फौजीनं अर्ज भरलाय.”

“अरे देवा,” फोन म्हणाला. कोणी वारलं असतं तर ते सोपं गेलं असतं, असा तो आवाज होता.

अध्यक्षांनी टोपी नीट केली. “आपण जबरदस्ती करणारी माणसं न्हाय. लोकांना विचारून काय ते ठरवू. गावात मतदान नको, असं ज्यांचं मत हाय, त्यांनी हात वर करा.”

हात वर झाले. मोबाइलमधून आवाज आला, “आमचे पण वर हायत. सगळ्यांचे.” माझ्या टेम्पोवाल्या मित्राचा हात कानापर्यंत गेला आणि तिथे खाजवत राहिला. इतिवृत्त लिहायला गावकीतला एक तरुण असतो, त्याने हातांकडे एकदा पाहिलं आणि लिहिलं, ‘सर्वानुमते’.

“माझा हात खाली आहे,” मी म्हणालो.

“खाली हाय म्हणजे विरोध झाला असं न्हाय,” तो समजावणीच्या सुरात म्हणाला. “विरोधाला पण हात वर करायला लागतो. आणि विरोध हा विषय आज घेतलेलाच न्हाय.”

अशा रीतीने आमच्या गावकीतलं पहिलं मतदान मी डोळ्यांनी पाहिलं. ते मतदान होऊ नये यासाठी होतं आणि अत्यंत शांततेत पार पडलं. बंदोबस्ताची गरज भासली नाही.

निघताना अध्यक्ष माझ्याबरोबर देवळाच्या पायऱ्यांपर्यंत आले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “वाळीत टाकायचे दिवस गेले, बाळा. कायदा हाय. आपण कायदा मानणारे. पण मागं घेतला न्हायस तर शिमग्याला पालखी तुमच्या आळीला येईलसं वाटत न्हाय. रस्त्याचं काम निघणार हाय म्हणतात.”

आमच्याकडे शिमग्याला देवीची पालखी घरोघरी येते. अंगणात नाचते, मग ओट्यावर टेकते, आणि घरातली बाई, सवाष्ण असो वा नसो, देवीची ओटी भरते. वडील गेल्यापासून आईला वर्षातला तो एकच दिवस खऱ्या अर्थाने सणाचा राहिला होता. आठ दिवस आधी ती अंगण सारवायला घ्यायची. पनवेलला आमच्याकडे मन रमत नाही असं ती म्हणायची, त्याचं कारणही हेच, की फ्लॅटमध्ये पालखी येत नाही.

मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “कसल्या रस्त्याचं काम? गटार तीन वर्सा तशीच उघडी हाय.” चुलीवरचं भांडं उतरवून झाल्यावर म्हणाली, “मागं घे अर्ज. माझ्या एका बटनापायी देवीला कशाला लांबून जायला लावायची.”

मला खरं तर सुटल्यासारखं झालं. डोंगरावर समोर शत्रू होता. त्याने मला कधी दिव्याखालची जागा दिली नव्हती. इथे मला ज्यांच्या मनाविरुद्ध उभं राहायचं होतं ती माझी माणसं होती. उपकार केलेल्या माणसांशी कसं लढायचं याचं प्रशिक्षण सैन्यात देत नाहीत.

अर्ज मागे घ्यायचा शेवटचा दिवस. दुपारी तीनपर्यंत मुदत. एसटी आली नाही. फाट्यावर उभा होतो तर टेम्पो येऊन थांबला.

“चल, बस. तहसीलला ना? मी पण तिकडंच चाललोय, नारळ टाकायचे हायत,” माझा प्रतिस्पर्धी म्हणाला.

त्याच्याविरुद्धचा अर्ज मागे घ्यायला मी त्याच्याच टेम्पोतून निघालो. घाट उतरल्यावर तो म्हणाला, “मी दोनदा सदस्य झालो.”

“माहीत आहे.”

“निवडून एकदा पण आलो न्हाय.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय? काकांनी नाव घेतलं, नारळ ठेवला, झालो. मी लोकांना हवा हाय का नुसता चालतो, ते मला दहा वर्सांत कळलं न्हाय. घरची म्हणते, तू टेम्पो फुकट फिरवतोस म्हणून ठेवलाय तुला.” त्याने हॉर्न वाजवला, रस्त्यावर कोणी नसताना. “एकदा बघायचं होतं रे. तू अर्ज भरलास तेव्हा मी घरात शिव्या घातल्या तुला. पण आतून बरं वाटलं.”

“पालखीचं काय? आईने मागे घे म्हणून सांगितलंय.”

“ते माझ्या हातात न्हाय. खोटं कशाला बोलू?”

तहसील कचेरीसमोर चहाची टपरी आहे. आम्ही चहा घेतला. मग भजी घेतली. मग पुन्हा चहा. कचेरीचा दरवाजा रस्त्यापलीकडे उघडाच होता. दोघांनीही घड्याळाकडे पाहिलं नाही, त्यामुळे टपरीवाल्यानेच विचारलं, “तुमचं काम तीनच्या आत होतं ना? वाजून गेले की.”

“गेले?” मित्र म्हणाला. “अरे अरे.” आणि त्याने आणखी एक प्लेट भजी सांगितली.

घरी आलो तेव्हा आई ओट्यावरच होती. “घेतलास मागं?”

“नाही.”

ती उठून आत गेली. मला वाटलं, रागावली. तांब्याभर पाणी घेऊन ती बाहेर आली, माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, “मग ते बटन कुठं असतंय, कसं दाबायचं, ते नीट सांग. दिल्लीच्या टायमाला ती पोरं घाई करतात.”

सरपंचासह बाकी सगळ्या जागा नेहमीप्रमाणे बिनविरोध झाल्या. आमच्या प्रभागातली ही एक जागा तेवढी निवडणुकीला गेली. मला शिट्टी हे चिन्ह मिळालं, त्याला छत्री. निवडणूक कशी लढवतात हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं, आणि कशी करायची असते हे गावाला माहीत नव्हतं. मी घरोघरी जाऊन सांगायचो, “कोणालाही द्या, पण द्या.” एका वहिनींनी मला दारातच अडवलं.

“म्हणजे तुला देऊ नको?”

“द्यायचं तर द्या.”

“असा कोण मागतो? जरा रडून-बिडून माग की, भावजी. आमच्या दारात पयल्यांदाच कोण मागायला आलाय.”

रडणं जमलं नाही, पण चहा प्यालो. आणि हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं, की गाव काहीतरी भलतंच करतं आहे. पहिल्या घरात सांगितलं, “आमच्यात चार मतं. दोन तुला, दोन त्याला. कोणाचं मन मोडायला नको.” मला वाटलं, एखादं घर असेल. दुसऱ्या घरात नवरा म्हणाला, “मी छत्री, ही शिट्टी, ठरलाय आमचा.” तिसऱ्या घरातही तेच. होडी किनाऱ्याला लागल्यावर मासळीचे वाटे घालतात ना, तसे गावाने मतांचे वाटे घातले होते, आणि प्रत्येक घर हे मला इतक्या अभिमानाने सांगत होतं, की काही बोलवेना. एका घरात तीन मतं होती. मी न राहवून विचारलं, “तिसरं?”

“ते खाली ‘कोणीही नाही’चं बटन असतंय ना, ते,” घरधनी म्हणाले. “म्हणजे तुम्हा दोघांना बोलायला जागा नको.”

मी त्यांना मताचा अर्थ समजावून सांगितला. निवड म्हणजे काय, राज्यघटनेने प्रत्येकाला वेगळं मत का दिलं, घराला मिळून एक का नाही दिलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. “बरोबर हाय तुझं,” ते म्हणाले. “पण उद्या तोंडं एकमेकांचीच बघायचीत.” बंदूक हातात असताना मी ज्या गोष्टीचं रक्षण करत होतो तिच्यावर एवढं साधं उत्तर असू शकतं, असं मला कधी वाटलं नव्हतं.

मतदानाच्या दिवशी मुंबईहून गाडी करून मंडळी आली, त्यांची नावं अजून इथल्याच यादीत. मतदान नको म्हणून ज्यांनी फोनवरून हात वर केले होते ते रांगेत सगळ्यांत पुढे होते, आणि शाई लावलेल्या बोटाचे फोटो काढून ‘लोकशाहीचा उत्सव’ असं लिहून पाठवत होते. चिटणिसांनी मलाही फोटोत उभं केलं.

आई ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. शाळेच्या खोलीत, पुठ्ठ्याच्या आडोशामागे ती गेली आणि बाहेर येईना. यंत्रापाशी बसलेल्या मास्तरांनी दोनदा हाक मारली.

“आजी, झालं का? रांग आहे मागे.”

आडोशामागून आवाज आला, “थांब रे बाबा. इतकी वर्सा मी थांबलेय, तुला कसली घाई झाली?”

सगळी खोली हसली. मग यंत्राचा तो लांब आवाज झाला. आई बाहेर आली, ती माझ्याकडे न बघता सरळ चालू लागली. वाटेत मी विचारलं, “कोणाला दिलंस?”

“गुप्त असतं म्हणतोस ना भाषणात?”

“मला सांगायला काय हरकत आहे?”

“तू उमेदवार. तुला तर न्हायच सांगायचं.”

मी छत्रीचं बटन दाबलं. ज्याला द्यायचं होतं त्यालाच दिलं. पुठ्ठ्यामागे उभा असताना मला तो चौकीवरचा जवान आठवला, हे खरं. पण त्याचबरोबर माझ्या शिट्टीचं चित्र जरा लहान छापलंय असंही वाटलं, हेही खरंच आहे.

तहसीलला मोजणी झाली. माझ्या मित्राला माझ्यापेक्षा थोडी जास्त मतं पडली, आणि ‘कोणीही नाही’ला आम्हा दोघांनाही अस्वस्थ करण्याइतकी. गुलाल विकत आणलेला नव्हता, कारण लागेल असं कोणाला वाटलं नव्हतं. परत येताना टेम्पोत त्याने माझ्याकडून आकडे दोनदा विचारून घेतले.

“एवढीच?” तो म्हणाला. “एवढ्यांनाच हवा होतो?”

“त्यातलं एक माझं आहे,” मी म्हणालो.

त्याने टेम्पो रस्त्याच्या कडेला घेतला आणि थांबवला. “तू मला दिलंस?”

“मग? मला पाण्याच्या मोटरीतलं काय कळतं?”

“अरे गाढवा, मी तुला दिलं!”

“का?”

“स्वतःचं नाव समोर दिसत असताना स्वतःलाच दाबायचं? शोभतं काय ते?” तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. मग एकदम हसायला लागला. “पण आलो ना निवडून?”

“आलास.”

“पडलो पण असतो.”

“पडलाही असतास.”

“तेच,” तो म्हणाला, आणि टेम्पो चालू केला.

शिमगा आला. रस्त्याचं काम निघालेलं नव्हतं, पण पालखीच्या मार्गातून आमची आळी वगळल्याचं देवळाच्या फळ्यावर लिहिलेलं होतं. मी आईला पनवेलला चल म्हणालो. ती म्हणाली, “आली तर आली. न आली तर अंगण माझंच हाय,” आणि नेहमीसारखं सारवायला बसली. सकाळी तिने रांगोळी काढली. ओटीचं ताट झाकून ठेवलं. ढोल वरच्या आळीत वाजत होता तोवर ती कामात होती. तो वळणावर आला तेव्हा मात्र ती खांबाला धरून उभी राहिली. मी घरात गेलो. मला ते बघायचं नव्हतं.

वळणावर ढोल थांबला. काहीतरी वाद चालल्याचा आवाज आला. मी पुन्हा बाहेर आलो. पालखीच्या पुढच्या दांड्याला तो इतिवृत्त लिहिणारा तरुण होता. मागच्याला दुसरा एक, तोही तरुण, मुंबई मंडळातला. दोघेही ओरडत होते.

“इकडून रस्ता बरा हाय, काका!”

“फळ्यावर वाचता येत न्हाय काय तुम्हाला?”

“फळ्यावर चुकून ऱ्हायलं असंल. मीच लिवलंय ते.”

नंतर मला मित्राने सांगितलं तेव्हा उलगडा झाला. आता निवडणूक होऊ शकते आणि थोडक्या मतांनी माणूस पडू शकतो, हे गावाने एकदा पाहिलं होतं. पुढच्या वेळी उभं राहायची इच्छा असलेले आमच्या एका प्रभागात अचानक चार जण झाले होते, त्यांत दांडा धरलेले ते दोघेही. आणि सगळ्या घरांनी आपल्या मतांचे वाटे जाहीर केले असताना, एकाच घरातल्या म्हातारीने आपलं मत कोणाला दिलं ते अजून मुलालासुद्धा सांगितलेलं नव्हतं. ते घर कोणालाच नाराज करायचं नव्हतं.

पालखी आमच्या अंगणात आली. इतकी नाचली, की रांगोळीचा मागमूस राहिला नाही. चौघेही इच्छुक आळीपाळीने खांदा देत होते, आणि आई बघते आहे ना हे तिरप्या नजरेने पाहत होते. श्रद्धा किती आणि हिशेब किती, ते मला सांगता येणार नाही. मी पंधरा ऑगस्टला ज्या लोकशाहीबद्दल बोलायचो ती यापेक्षा बरीच स्वच्छ होती. पण ती कधी आमच्या अंगणात आली नव्हती.

आईने ओटी भरली. पालखी टेकलेली असताना अध्यक्ष ओट्यावर येऊन बसले. दमले होते. मी त्यांना पाणी दिलं आणि पाया पडलो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, नेहमीसारखाच. मग पेला हातात धरून ते आईकडे वळले.

“वयनी, पुढच्या खेपेला आरक्षणात सरपंचाची जागा आम्हाला सुटली, तर मी स्वतः उभा ऱ्हावा म्हणतोय. तुमचं काय म्हणणं?”

आईने पदर सारखा केला. देवीपुढचा दिवा वाऱ्याने विझत होता, तो हाताने आडोसा करून नीट केला. ढोलवाले उभे होते, चौघे इच्छुक कान देऊन उभे होते, अध्यक्षांच्या हातातला पेला तसाच होता.

“बघू,” ती म्हणाली. “चार लोकांचं ऐकून घेते. मग काय ते ठरवीन.”

“व्हय, व्हय,” अध्यक्ष म्हणाले. “घाई न्हाय.”